परस्पर बदली

बँकेतल्या माणसाला तीन गोष्टींची धास्ती असते. संध्याकाळी रोकड मोजताना पडलेला खड्डा, न कळवता आलेला इन्स्पेक्टर आणि बदली. खड्डा पदरचे पैसे घालून बुजवता येतो. इन्स्पेक्टरला चहा पाजून, फायली दाखवून, पुन्हा चहा पाजून वाटेला लावता येतं. बदलीवर मात्र प्रत्यक्ष धन्वंतरीकडेही औषध नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. (वर्ग दुसरा. कोणी विचारत नाही, पण आपण सांगितलेलं बरं.) गेली २२ वर्षं मुंबईच्या एकाच शाखेत, एकाच काउंटरमागे, एकाच पंख्याखाली बसतो आहे. या काळात शाखेचे व्यवस्थापक नऊ बदलले, जाडजूड लेजरं गेली आणि कॉम्प्युटर आले. पण पंखा आणि मी होतो तिथेच आहोत. डोंबिवलीहून सकाळची तीच लोकल, डब्यात त्याच खिडकीपाशी तीच चार टाळकी, भजनाला तोच टाळ. अशा सुखी माणसाच्या टेबलावर एका सोमवारी लिफाफा आला. ‘आपणांस अधिकारी श्रेणीत बढती देण्यात येत असून आपली नेमणूक रत्नागिरी येथे करण्याचे योजिले आहे. संमती अथवा असंमती येत्या सोमवारपर्यंत कळवावी.’

बढती हे बदलीचं टोपणनाव आहे, एवढं २२ वर्षांत मला कळलेलं आहे. यापूर्वी दोनदा अशी पत्रं आली होती. एकदा लातूर, एकदा चंद्रपूर. दोन्ही वेळा मी ‘घरगुती अडचणींमुळे असमर्थ आहे’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं आणि पंख्याखाली परत येऊन बसलो. याही खेपेला तेच लिहिणार होतो. मसुदा पाठच होता. पण रात्री जेवताना पत्राचा विषय निघाला, आणि वाढता वाढता सौ. म्हणाली, “बघून तर येऊ.”

“काय बघून येऊ?”

“गाव. स्थळ न बघता नकार कळवायची पद्धत आपल्यात नाही.”

आता लग्नाच्या बाजारात मुलगी पाहायला जातात तसं गाव पाहायला जाणं हे मला नवीन होतं. पण महिन्याचा दुसरा शनिवार होता, बँक बंद होती, आणि सौ.चा चेहरा असा होता की, नाही म्हटलं असतं तर रविवारही गेला असता. शुक्रवारी रात्री कोकणात जाणाऱ्या गाडीत बसलो. शनिवारचा दिवस रत्नागिरीत, रात्रीच्या गाडीनं परत. पत्र शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलं होतं. नकार द्यायचाच आहे हे एकदा ठरलं की, माणूस अगदी मोकळ्या मनानं गाव पाहू शकतो.

पहाटे स्टेशनावर उतरलो. स्टेशन गावाबाहेर आहे. कोकणानं रेल्वेची वाट इतकी वर्षं पाहिली की, शेवटी ती आली तेव्हा गावात घ्यायचं की नाही याचा विचार करत राहिलं असावं. मुंबई-मंगळूर हा सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला. त्याआधी इथे यायचं तर एस.टी.नं घाटाघाटांतून पोट सांभाळत, नाही तर त्याही आधी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं. पावसाळ्यात बोटीही बंद. हे रिक्षात बसल्या बसल्या मी सौ.ला सांगितलं. हेतू असा की, गाव किती आडवळणी आहे हे तिच्या मनावर ठसावं.

“आता रेल्वे आहे ना?” ती म्हणाली.

एक गुण त्यांना, शून्य आम्हाला.

मांडवीच्या जेटीवर गेलो. उजाडत होतं. इथली वाळू काळी आहे. वळसा घालून मिऱ्याच्या बाजूला गेलं की पांढरी. गावकरी सरळ ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ म्हणतात. एवढ्याशा गावात दोन रंगांचे दोन समुद्र बाळगायचे म्हणजे श्रीमंतीच म्हणायची. उत्तरेला रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर समुद्रात पाय सोडून बसला होता. सौ. दहा मिनिटं काही बोलली नाही. आमच्या संसारात ही घटना नोंद करून ठेवावी अशी आहे. डोंबिवलीच्या आमच्या खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडाचे वाळत घातलेले कपडे दिसतात, आणि गेली १९ वर्षं ती तेच पाहत आली आहे, हे मला तिथे उगीचच आठवलं.

घावन आणि खोबऱ्याची चटणी खाऊन टिळक आळीत गेलो. लोकमान्यांचा जन्म इथला, २३ जुलै १८५६चा. उतरतं कौलारू छप्पर, भोवती झाडं, आत तसबिरी आणि कागदपत्रं. घर असं आहे की, आत शिरताना आपण चप्पल काढतो ती नियम आहे म्हणून नव्हे, तर कुणी तरी आतून ‘पाय धुऊन या’ म्हणेल अशी भीती वाटते म्हणून.

मी तसबिरींखालचा मजकूर वाचत पुढे सरकत होतो. (सरकारी कागद वाचायची सवय. तारीख आधी, मजकूर मागून.) लोकमान्यांचे वडील गंगाधरपंत रत्नागिरीत शिक्षक होते. १८६६ साली शिक्षणखात्यानं त्यांना वरची जागा देऊन पुण्याला पाठवलं, आणि दहा वर्षांचा बाळ त्यांच्याबरोबर पुण्याला गेला.

“म्हणजे बढतीवर बदली,” सौ. माझ्या खांद्यामागून म्हणाली.

“तसंच काहीसं.”

“गंगाधरपंतांनी घरगुती अडचणी लिहून दिल्या असत्या तर ‘केसरी’ कुठून निघाला असता हो?”

‘केसरी’ पुण्याहून निघाला तो १८८१ साली. मी तारीख सांगून वेळ मारून नेली. पण खिशातल्या पत्राची घडी मला टोचायला लागली होती.

तिथून पतितपावन मंदिर. सावरकर अंदमानातून १९२१ साली हिंदुस्थानात आले, आणि रत्नागिरीच्या तुरुंगातही राहिले. १९२४च्या जानेवारीत त्यांना सोडलं ते जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, या अटीवर. ही अट १९३७पर्यंत टिकली. म्हणजे १३ वर्षं एका जिल्ह्यात. या मुदतीत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ चालवली, आणि भागोजीशेठ कीरांनी पदरचा पैसा घालून हे मंदिर बांधलं. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून ते १९३१ साली उघडलं. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज सभामंडपात गार फरशीवर पाय पसरून बसलेल्या माझ्यासारख्याला सहज कळत नाही. मला एवढंच कळलं की, काही माणसं नको असलेल्या मुक्कामातही काही तरी बांधून जातात. मी २२ वर्षं हव्या असलेल्या मुक्कामात आहे आणि माझ्या नावावर एका स्टेपलरखेरीज काही नाही. तोही गेल्या वर्षी हरवला.

दुपारी एका खाणावळीत तळलेला बांगडा, तांदळाची भाकरी, सोलकढी. त्याबद्दल लिहू लागलो तर इतिहास राहून जाईल. एवढंच सांगतो की, तिसऱ्या वाटी सोलकढीनंतर माझा नकार थोडा पातळ झाला होता.

दुपारी थिबा राजवाडा गाठला. भाट्याच्या खाडीवर उंच उभी असलेली ही तांबडी, भली मोठी, लाकडी नक्षीच्या कमानदार खिडक्यांची वास्तू. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं ते या गावात. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज चार कॉलेजकुमार, एक पेंगुळलेला पहारेकरी आणि भरपूर कबुतरं होती.

थिबा राजाची गोष्ट शाळेत आपण दोन ओळींत वाचलेली असते. पण बँकेतल्या माणसानं ती नीट वाचली तर त्याला घाम फुटेल. कारण हे राज्य गेलं ते हिशेब-तपासणीमुळे. ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी १८६३ साली निघाली. नावाप्रमाणे मुंबईचीच. ब्रह्मदेशात सागाची जंगलं तोडण्याचा ठेका तिच्याकडे होता. थिबाच्या दरबारानं तपासणी केली आणि शेरा मारला की, कंपनीनं ओंडके नेले जास्त आणि पैसे भरले कमी. १८८५ साली दंड ठोठावला, सुमारे २३ लाख रुपये. आता कोणत्याही सज्जन माणसानं अशा वेळी काय करावं? व्हाउचरं काढावीत, ओंडके पुन्हा मोजावेत, ताळा जमवावा. कंपनी इंग्रज सरकारकडे गेली. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. थिबा फ्रेंचांशी बोलणी करतो याची त्यांना चिंता होती. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरात आगबोटी इरावती नदीतून वर निघाल्या, आणि दोनेक आठवड्यांत युद्ध आटोपलं. १ जानेवारी १८८६ला राज्य खालसा झाल्याचं जाहीर झालं. तपासणीत दोष काढल्यावर तपासणाऱ्याचीच खुर्ची जाते, हा आमच्या बँकेतला अनुभव किती जुना आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

राजा काही साधुसंत नव्हता. गादीवर बसल्यावर थोड्याच दिवसांत, १८७९ साली, त्याच्या राजवाड्यात भाऊबंदांची जी कत्तल झाली तिचा डाग त्याच्या नावावर आहे. पण २९ नोव्हेंबर १८८५ला त्याला आणि राणी सुपयालतला मंडालेच्या राजवाड्यातून बैलगाडीत बसवून नदीवर नेलं, तेव्हा रस्त्यात प्रजा रडत होती. आधी मद्रास, मग १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. वय २७. रत्नागिरीच का? तर रेल्वे नाही, पावसाळ्यात बोट नाही, आणि ब्रह्मदेश सबंध हिंदुस्थानच्या पलीकडे. सकाळी रिक्षात मी सौ.ला गावाचे जे दोष ऐकवले, तेच इंग्रजांनी गुण म्हणून नोंदले होते.

आणि हा राजवाडा? तो १९१० साली पुरा झाला. म्हणजे पूर्वीचे आपले दिवस राजानं दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढले. हिशेब केला, २४ वर्षं. क्वार्टर मंजूर व्हायला २४ वर्षं! आमच्या बँकेच्या प्रशासन विभागाबद्दल मी आजवर जे जे बोललो, ते सगळं त्या जिन्यावर उभं राहून परत घेतलं. नव्या घरात राजा राहिला सहा वर्षं. १९१६च्या डिसेंबरात गेला, वयाच्या ५७व्या वर्षी. आमच्याकडे निवृत्तीला साठ लागतात.

मधल्या काळात त्याचं खातं कसं चाललं, हे मी तुम्हाला कारकुनाच्या नजरेनं सांगतो. जमेला सरकारी तनखा. खर्चाला राजेपण. मंडालेहून आणलेली माणकं आणि दागिने एकेक करून गावातल्या व्यापाऱ्यांकडे जात होते, डोक्यावर कर्ज होतं, आणि राजा सरकारला अर्ज पाठवत होता. अर्जाला उत्तर येत नसे, किंवा आलं तर ‘विचाराधीन’ असं येत असावं. मला त्या माणसाची अशी दया कधी आली नव्हती. राज्य गेलेल्या राजाची दया येते ती नाटकातल्यासारखी, दुरून. पण अर्जाच्या उत्तराची वाट पाहणारा राजा म्हणजे आमच्यातलाच.

“आणि राणी?” सौ.नं विचारलं.

“तीही होती ना.”

“होती म्हणजे? मंडालेहून निघाली तेव्हा तिच्या बरोबर कोण होतं?”

मी वाचलेलं सांगितलं. दोन लहान मुली बरोबर होत्या, आणि राणी गरोदर होती. तिसरी मुलगी मद्रासला झाली, १८८६च्या मार्चमध्ये. महिन्याभरात पुन्हा बोट, रत्नागिरी. चौथी इथे झाली, १८८७ साली. सामान आवरायला त्या बाईला मिळाली होती एक रात्र.

“आणि म्हणे राजाची बदली,” सौ. म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून खाडी दिसत होती आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र. वाचलेल्या इतिहासात असं आहे की, मंडालेत खरा कारभार राणीच पाहायची. (हे मी सौ.ला सांगितलं नाही. तिला त्यात नवीन काही वाटलं नसतं.)

पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीची नृत्यशाळा आहे. तिथे भिंतीला टेकून उभा असताना माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. सकाळी टिळक आळीत मी ज्या तारखा वाचल्या होत्या, त्या आणि इथल्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. लोकमान्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली १९०८ साली. त्यांना ठेवलं कुठे? मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. म्हणजे ज्या तटबंदीच्या आत थिबाचा राजवाडा होता, त्याच तटबंदीत. १९१४च्या जूनमध्ये ते सुटले. म्हणजे सहा वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत, आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य मंडालेत!

“परस्पर बदली!” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की, पहारेकरी जागा झाला आणि कबुतरं उडाली.

बँकेत परस्पर बदली म्हणजे फार मानाची गोष्ट. लातूरच्या माणसाला मुंबई हवी, मुंबईच्या माणसाला लातूर हवं. दोघांनी अर्ज केले की खातं खूश. इंग्रज सरकारनं हे तत्त्व फार पूर्वी अमलात आणलं होतं, फक्त अर्ज मागवले नव्हते. दिल्लीच्या बहादूरशहाला १८५८ साली त्यांनी रंगूनला पाठवलं. तो १८६२ साली तिथेच वारला. मग ब्रह्मदेशचा राजा इकडे आणला. तिकडे जागा रिकामी झाली, तर लोकमान्यांना धाडलं. आस्थापना विभाग असावा तर असा. कुठलीही जागा रिकामी राहू दिली नाही.

आणखी एक जोड जमली. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहून झालं ते १९१०-११च्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं, लाकडी बराकीत. आणि तो १९१०चाच हिवाळा होता जेव्हा थिबा या नव्या राजवाड्यात राहायला आला. एकाला खोली मिळाली आणि त्यानं ग्रंथ लिहिला. दुसऱ्याला राजवाडा मिळाला आणि त्यानं वाट पाहिली. मी हे तात्पर्य मोठ्या ऐटीत सौ.ला ऐकवलं. वाटलं, खूश होईल.

“लोकमान्य मंडालेत असताना त्यांची बायको कुठे होती?” तिनं विचारलं.

सत्यभामाबाई पुण्यात होत्या. १९१२ साली गेल्या. लोकमान्यांना मंडालेत तार मिळाली. सुटायला अजून दोन वर्षं होती. आणि १९१२ सालीच इथे रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी, सुपयालतची बहीण, तीही वारली. या जमाखर्चाचा ताळा मला जमवता आला नाही. मी गप्प बसलो. सौ.ही गप्प बसली. पहारेकरी पुन्हा झोपला.

उन्हं कलल्यावर राजाची समाधी पाहिली. गावात घरांच्या गर्दीत एक शांत कोपरा. राजाचं आणि धाकट्या राणीचं दफन झालं ते १९१९ साली. राजा जाऊन दोन वर्षांहून अधिक लोटल्यावर. सुपयालतची इच्छा होती की, नवऱ्याला ब्रह्मदेशात न्यावं. सरकारनं परवानगी नाकारली. तिला एकटीला परत जायची मुभा मिळाली. ती रंगूनमध्ये १९२५ साली वारली. म्हणजे ३० वर्षं ज्या माणसाबरोबर काळा-पांढरा समुद्र पाहिला, तो एका किनाऱ्यावर आणि ती दुसऱ्या. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या समाधीवर येऊन वंदन करून गेले. उत्तर यायला उशीर झाला. पण अर्ज फायलीत होता म्हणायचा.

त्यांच्या थोरल्या मुलीची गोष्ट आणखी वेगळी. तिचं मन राजवाड्यातल्याच एका मराठी नोकरावर बसलं. घरची मंडळी ब्रह्मदेशात परतल्यावरही ती रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. तिची मुलगी टूटू इथे वाढली, मराठी बोलली, इथेच तिनं संसार केला आणि २००० साली इथेच डोळे मिटले. गरिबीत दिवस काढले, पण गाव तिला आपलं म्हणत होतं. राजाची नात रत्नागिरीची झाली. सगळ्या बदलीत तेवढी एकच नेमणूक कायम झाली.

सूर्यास्ताला भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो. सौ.नं पर्समधून शेंगदाणे काढले. (बाई कुठल्याही संकटाला तोंड द्यायला शेंगदाणे घेऊन निघते.) समुद्र आत आत जात होता. गाडीला अजून बराच वेळ होता. मी खिशातलं पत्र काढलं.

“मग?” मी म्हटलं. “काय लिहू?”

“दर वेळी काय लिहिता?”

“घरगुती अडचणी.”

“कुठल्या हो?”

मी आठवू लागलो. लातूरच्या वेळी मुलगा लहान होता. चंद्रपूरच्या वेळी त्याची दहावी होती. आता तो पुण्याला वसतिगृहात आहे. आई नाशिकला थोरल्या भावाकडे सुखानं आहे.

“घरगुती म्हणजे घरातली,” सौ. म्हणाली. “घरात राहिले कोण? मी. म्हणजे अडचण कोण? मी. दोनदा तुम्ही साहेबाला लिहून दिलंत की, माझी बायको अडचण आहे. मला एकदाही विचारलं नाहीत.”

ती रागावून बोलली असती तर मी बाजू मांडली असती. पण ती शेंगदाण्याची सालं फुंकत, समुद्राकडे बघत, अगदी साध्या आवाजात बोलली. “मला लातूरही चाललं असतं. चंद्रपूरही. मला एवढंच वाटायचं की, विचारतील.”

२२ वर्षं मी समजत होतो की, मी हिच्याकरता मुंबई सोडत नाही. खरं म्हणजे मी त्या पंख्याकरता सोडत नव्हतो. त्या खिडकीपाशी बसणाऱ्या चार टाळक्यांकरता. नवीन गावात आपल्याला कोणी ओळखणार नाही, या भीतीकरता. आणि कागदावर नाव घातलं हिचं. कारकुनी भाषेत याला खोटी नोंद म्हणतात. कोणी तपासायला आलं नव्हतं, म्हणून खपली.

दिवसभर मी इंग्रजांना नावं ठेवत होतो की, न विचारता त्यांनी माणसं इकडची तिकडे केली. मीही न विचारताच एका माणसाला १९ वर्षं एका खिडकीपाशी बसवून ठेवलं होतं. इकडची तिकडे केली नाही, एवढाच काय तो फरक.

“मग आता विचारतो,” मी म्हटलं. घसा जरा बसला होता; वारा होता. “रत्नागिरी चालेल?”

“विचार करून सांगते,” सौ. म्हणाली, आणि शेवटचा शेंगदाणा तिनं मला दिला.

उत्तर गाडीत मिळालं. पनवेल यायच्या आधी, मी झोपेत असताना, तिनं खांदा हलवून सांगितलं, “अहो, चालेल. पण खिडकी समुद्राकडची हवी.”

सोमवारी पत्राला उत्तर लिहिलं. ‘संमती आहे’ या दोन शब्दांना मला एवढा वेळ लागला की, काउंटरपुढची रांग दारापर्यंत गेली. खाली रकाना होता : ‘घरगुती अडचणी असल्यास’. तिथे लिहिलं, ‘नाहीत. विचारून खात्री करून घेतली आहे.’

व्यवस्थापकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. “क्वार्टरची मागणी केलेली दिसत नाही,” ते म्हणाले. “अर्ज आत्ताच करून ठेवा. वेळ लागतो.”

“किती?” मी विचारलं.

“सांगता येत नाही.”

मी म्हटलं, “काही घाई नाही, साहेब. त्या गावात राजालासुद्धा २४ वर्षं लागली होती.”